पिंपांतला वायु

गेल्या हिंवाळ्यांत माझ्या भाच्याकडे अमेरिकेंत, ओहायो राज्यांत, दोन महिने राहण्याचा योग आला. पोंचल्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्याच्या मोटारखान्यांत एक चमत्कारिक सरंजाम माझ्या दृष्टीस पडला. एका जुन्या शीतकपाटांत गंज न चढणाऱ्या पोलादाचे दोन उंच, निमुळते डबे उभे केले होते. बाहेर एक जाड बुडाची टाकी होती, आणि तिच्यापासून निघालेल्या दोन नळ्या दोन तबकड्यांमधून त्या डब्यांत गेल्या होत्या. मी पडलों शाळामास्तर. तबकडी दिसली कीं वाचल्यावांचून राहवत नाहीं. एकीचा कांटा १२ वर होता, दुसरीचा ३० वर.

भाचा म्हणाला, "मामा, ही घरीं केलेली बीअर आहे. आज सपक आहे. आठ-दहा दिवसांत वायु मुरला म्हणजे फेंसाळेल."

मीं उभ्या आयुष्यांत मद्याला स्पर्श केलेला नाहीं, आणि आतां या वयांत करावा अशी इच्छाहि नाहीं. परंतु कुतूहल ही वस्तु सोंवळें पाळीत नाहीं. मीं विचारलें, "अरे, बीअर आंबतांना हाच वायु तिच्यांतून आपोआप सुटतो ना? तो फुकटचा वायु उडून जाऊं द्यायचा, आणि मग तोच टाकींतून विकत आणून पुनः आंत कोंबायचा, हा कोणत्या गांवचा व्यवहार?"

तो हंसला आणि म्हणाला, "मामा, इतिहास तुम्हीं शिकवलात. तुम्हींच शोधून सांगा."

त्या आव्हानाचें उत्तर द्यावयास मला पुढील दीड महिना पुरला. तेंच आज आपणांसमोर मांडीत आहें. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. हें व्याख्यान कोणास कृति शिकविण्यासाठीं नाहीं. मला सांगावयाची आहे ती एका वायूच्या प्रवासाची हकीगत. तो बीअरच्या हौदांतून निघून पाण्याच्या बाटलींत शिरला, आणि दोनशें वर्षांनीं पाण्याच्याच भांड्यांतून बीअरकडे परत आला.

प्रथम वायु येतो कोठून तें पाहूं. जवास मोड आणून, तें भाजून, भरडून ऊन पाण्यांत कालविलें म्हणजे त्यांतल्या पिठाची साखर होते. तो गोड काढा हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घालून उकळतात, निववितात आणि त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातें आणि तिचे जवळजवळ समान असे दोन भाग करतें: १०० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून सुमारें ५१ ग्रॅम मद्यार्क आणि ४९ ग्रॅम वायु. हा वायु म्हणजे कार्बन डायॉक्साइड. जुन्या शालेय पुस्तकांत यालाच कर्बाम्ल वायु म्हणत. भाच्याच्या डब्यांत १९ लिटर बीअर मावते. ती शेंकडा पांच मद्यार्काची धरली, तर आंबतांना सुमारें ७०० ग्रॅम वायु सुटतो. उलट तीच बीअर चांगली फेंसाळण्यास तिच्यांत ९०-९५ ग्रॅम वायु पुरे होतो. म्हणजे गरजेच्या सात-आठ पट वायु खिडकीवाटे निघून जातो. तो सगळा कोंडून ठेवूं म्हटलें तर भांडें फुटेल. माझा प्रश्न अगदींच अडाणीपणाचा नव्हता, एवढें यावरून दिसेल.

माणसानें या बुडबुड्यांकडे हजारों वर्षें पाहिलें, पण ते कशाचे आहेत हें कोणी विचारलें नाहीं. ब्रुसेल्सचा वैद्य व्हान हेल्माँट हा १६४४ सालीं वारला. त्यानें प्रथम ताडलें कीं, जळत्या कोळशांतून निघणारा आणि आंबत्या द्राक्षरसांतून निघणारा पदार्थ एकच आहे, आणि तो साधी हवा नव्हे. त्याला त्यानें 'गॅस' हें नांव दिलें. 'केऑस' या ग्रीक शब्दावरून त्यानें तें घडविलें. आज आपल्या घरांतील गृहिणी दिवसांतून दहा वेळां जो शब्द उच्चारते, तो या वैद्याचा आहे. पुढें एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकनें १७५० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, चुनखडींत हाच वायु बद्ध होऊन राहिलेला असतो आणि उष्णतेनें किंवा आम्लानें तो मोकळा होतो. म्हणून इंग्रज त्याला 'बद्ध वायु' म्हणूं लागले. चुन्याची निवळी या वायूनें दुधाळ होते. मुलांना नळीनें निवळींत फुंकावयास लावून हा प्रयोग माझ्या शाळेंतले विज्ञानाचे मास्तर दरवर्षीं करीत, आणि मीहि माझा तास नसला म्हणजे दारांत उभा राहून पाहत असें.

आतां आपल्या कथेचा नायक येतो. जोसेफ प्रीस्टली याचा जन्म १७३३ सालीं यॉर्कशायरांत, लीड्स शहराजवळ झाला. राज्यमान्य चर्चशीं न पटणाऱ्या पंथाचा तो होता. तसल्या लोकांना त्या काळीं ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्यांचीं दारें बंद असत. तो धर्मोपदेशक झाला, शिक्षक झाला, व्याकरणें लिहिलीं, विजेचा इतिहास लिहिला. १७६७ सालीं तो लीड्सच्या मिल हिल प्रार्थनामंदिरांत उपदेशक म्हणून आला, आणि आरंभीं त्याला राहावयास मिळालें तें घर एका बीअरच्या कारखान्यास लागून होतें. दुसरा एखादा उपदेशक असता तर शेजार वाईट म्हणून त्यानें नाक मुरडलें असतें. प्रीस्टली मात्र तेथें मेणबत्ती घेऊन गेला.

आंबत्या बीअरचे ते मोठमोठे लांकडी हौद. त्यांत रस कांठापर्यंत भरलेला नसे. वर कांहीं जागा मोकळी राही. प्रीस्टलीला आढळलें कीं, त्या मोकळ्या जागेंत, रसाच्या पृष्ठभागावर, नऊ इंचांपासून फूटभर जाडीचा बद्ध वायूचा थर स्थिर होऊन बसलेला असतो. पेटती मेणबत्ती त्यांत खालीं नेली कीं विझे. विझल्यावर तिचा धूर त्या अदृश्य थरांत अडकून राही, आणि थराचा वरचा पृष्ठ तळ्याच्या पाण्यासारखा स्पष्ट दिसे. हौदाशेजारीं हालचाल झाली कीं तो धूरमिश्रित वायु कांठावरून ओसंडून खालीं जमिनीकडे वाही. श्रोते हो, न दिसणारी वस्तु डोळ्यांना दाखविण्याची ही युक्ति पाहा. हातीं एक मेणबत्ती, आणि प्रयोगशाळा शेजाऱ्याची!

मग त्यानें दोन पेले घेतले. एकांत साधें पाणी भरलें, आणि दोन्ही पेले त्या थरांत धरून पाणी ह्यांतून त्यांत, त्यांतून ह्यांत असें ओतीत राहिला. आपल्याकडे चहा निववितांना करतात तसें. दोन-तीन मिनिटांत त्या पाण्याला चुरचुरीत चव आली. जर्मनींत पिर्मोंट येथें खनिज पाण्याचे झरे आहेत. त्यांचें पाणी औषधी म्हणून इंग्लंडांतले श्रीमंत लोक बाटल्या मागवून पीत. प्रीस्टलीच्या पेल्यांतलें पाणी त्या पाण्याच्या जवळजवळ तोडीचें लागलें. माणसानें हातानें केलेलें फेंसाळ पाणी तें हेंच. पुढें त्यानें घर बदललें, शेजारचा हौद सुटला, तेव्हां गंधकाचें तेजाब खडूवर ओतून तो वायु घरींच करूं लागला.

१७७२ सालीं त्यानें ही कृति एका लहानशा पुस्तिकेंत छापून टाकली. तिचें पेटंट घेतलें नाहीं, गुपित ठेवलें नाहीं. उलट ब्रिटिश आरमाराच्या प्रमुखास, लॉर्ड सँडविच यास, ती अर्पण केली. कारण त्याच्या मनांत मोठा हेतु होता. दूरच्या सफरींवर खलाशांना स्कर्व्ही हा रोग होई. हिरड्या सडत, जुनीं जखमा-व्रणें उघडत, आणि लढाईंत मरत त्यांहून अधिक माणसें या रोगानें मरत. आंबणाऱ्या पदार्थांतून निघणारा वायु शरीरांतली कूज थांबवितो, असें मॅकब्राइड नांवाच्या आयरिश वैद्याचें मत होतें. तेव्हां पाण्यांतच तो वायु भरून खलाशांना पाजला तर? कॅप्टन कुक त्याच वर्षीं आपल्या दुसऱ्या सफरीस निघाला, तेव्हां ही कृति त्याच्या जहाजांना देण्यांत आली. त्याच मतामुळें बीअरसाठीं करतात तसलें मोड आणून भाजलेलें जवहि जहाजांवर चढविण्यांत आलें होतें. १७७३ सालीं रॉयल सोसायटीनें प्रीस्टलीस आपलें कॉप्ले पदक अर्पण केलें.

मत मात्र साफ चुकीचें होतें. स्कर्व्हीवरचा खरा उपाय लिंबू-संत्र्यांत होता, आणि जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें तो १७४७ सालींच खलाशांवर प्रयोग करून दाखविला होता. पण आरमारानें लिंबाचा रस सर्वांस देण्यास १७९५ साल उजाडलें. मधल्या ४८ वर्षांत जे मेले त्यांचा हिशेब कोणी मांडावा? प्रीस्टलीचा हेतु थोर होता, कृति बिनचूक होती, फक्त रोग तिनें बरा होत नव्हता. त्या पाण्यानें कोणाचा प्राण वांचला नाहीं. उन्हाळ्यांत कोट्यवधि लोकांची तहान मात्र भागविली.

त्याला स्वतःला यांतून पैसा मिळाला नाहीं. पुढें तो बर्मिंगहॅमला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू त्यानें उघडपणें घेतली, म्हणून १७९१ च्या जुलैंत जमावानें त्याचें घर, ग्रंथ आणि उपकरणें जाळून टाकलीं. १७९४ सालीं तो अमेरिकेस निघून गेला आणि १८०४ सालीं पेन्सिल्व्हेनियांत वारला. भाच्याच्या गांवाहून तें ठिकाण मोटारीनें एका दिवसाच्या टप्प्यांत आहे. पण बर्फ फार पडल्यामुळें जाणें घडलें नाहीं, याची रुखरुख राहिली आहे.

कृतीचा लाभ घेणारे दुसरे निघाले. जॉन नूथ नांवाच्या डॉक्टरानें १७७५ सालीं कांचेचें तीन मजली उपकरण प्रसिद्ध केलें. प्रीस्टली वायु साठविण्यास जनावराचें मूत्राशय वापरीत असे, आणि त्यामुळें पाण्याला लघवीची चव येते, अशी नूथची तक्रार होती. प्रीस्टलीस ती अर्थातच झोंबली. जिनीव्हांत राहणारा मूळचा जर्मन घड्याळजी याकोब श्वेप यानें १७८३ च्या सुमारास पंपानें वायु दाबून पाण्यांत भरण्याचा धंदा काढला आणि १७९२ सालीं तो लंडनला आणला. त्याचें नांव आजहि बाटल्यांवर आहे.

पण दाबलेला वायु बुचाला जुमानीत नाहीं. त्यावर शेंकडों तोडगे निघाले. त्यांतला एक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं अशी बाटली काढली कीं, आंतल्या वायूच्या दाबानेंच कांचेची गोटी तोंडाशीं रबराच्या कड्यावर घट्ट बसावी. ज्याला कोंडायचें त्यालाच दार लावावयास सांगण्याचा हा प्रकार! हीच आपली गोटी सोड्याची बाटली. लहानपणीं गांवच्या जत्रेंत अंगठ्यानें गोटी दाबल्यावर जो 'फट्' आवाज होई, त्यासाठींच आम्हीं मुलें दोन पैसे जमवीत असूं, पाणी त्यानंतरचें.

वायु पाण्यांत किती मुरतो, याचा नियमहि सोड्याच्या धंद्याशेजारींच सांपडला. मँचेस्टरांत टॉमस हेन्री कृत्रिम खनिज पाणी तयार करीत असे. त्याचा मुलगा विल्यम यानें १८०३ सालीं मापें घेऊन सिद्ध केलें कीं, उष्णमान तेंच ठेवून वायूचा दाब दुप्पट केला तर विरघळणारा वायुहि दुप्पट होतो. आणि पाणी जितकें थंड तितका तो अधिक मुरतो. साध्या वातावरणाच्या दाबाखालीं एक लिटर पाण्यांत बर्फाच्या उष्णमानाला सुमारें १.७ लिटर वायु मावतो, २० अंशांवर एक लिटरहि मावत नाहीं. उन्हांत तापलेली सोड्याची बाटली उघडतांच सदऱ्यावर कां उडते, तें यावरून कळेल. भाच्याच्या मोटारखान्यांतला सगळा खटाटोप हेन्रीच्या या एका नियमावर चालतो.

आतां बीअरकडे परत येऊं. इतके दिवस ती आपल्याच वायूवर फेंसाळत होती. इंग्लंडांत रीत अशी कीं, पुरती न आंबलेली बीअर लांकडी पिंपांत भरावयाची. उरलेली साखर तळघरांत हळूहळू आंबे आणि पिंपांत थोडा वायु राही. पिंप उघडल्यावर जसजशी बीअर काढावी तसतशी बाहेरची हवा आंत शिरे, आणि चार-सहा दिवसांत ती आंबूस होई. फॅरडेनें १८२३ सालीं हा वायु दाबून द्रवरूप केला होता. तो द्रव साठविणें सोपें नव्हतें. १८४० सालीं पॅरिसमध्यें असें एक लोखंडी पात्र फुटून प्रयोग करणारा तरुण मदतनीस मरण पावला. पण पोलाद सुधारलें, आणि १८८० नंतर जर्मनींत द्रव वायूच्या टाक्या बाजारांत येऊन मद्यगृहांत पोंचल्या. मग हवेच्या जागीं हा वायु पिंपांत सोडतां येऊं लागला, आणि बीअर आठवडेच्या आठवडे टिकूं लागली. १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतल्या एका मोठ्या कंपनीनें गाळून, तापवून यीस्ट मारलेली बीअर धातूच्या पिंपांत भरून वायूच्या दाबाखालीं पाठविण्यास सुरुवात केली. दूरच्या गिऱ्हाइकाला ती एकसारखी मिळे.

या पिंपांनीं पुढें एवढा बाजार व्यापला कीं, १९७१ सालीं आयर्लंडांत सुटीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनीं जुन्या पद्धतीच्या रक्षणासाठीं एक संस्थाच काढली. टाकींतला वायु म्हणजे बाटवाबाटवी, असा त्यांच्या अनुयायांचा सूर असे. माझें मत विचाराल तर या भांडणांत वायु हा आरोपी उगाच उभा केला गेला. यीस्टनें केलेला वायु आणि टाकींतला वायु यांत रेणूचाहि फरक नाहीं. तें ब्लॅकच्या काळापासून ठाऊक आहे. खरें दुःख निराळें होतें. गाळून-तापवून बीअरचा जीव काढून घेतला होता, आणि चार-सहा कंपन्यांनीं गांवोगांवचीं मद्यगृहें विकत घेतल्यामुळें गिऱ्हाइकाला निवडच उरली नव्हती. त्या बाबतींत ते चौघे बरोबर होते.

घरीं बीअर करणारे तर त्याआधींच कायद्याच्या जाळ्यांत सांपडले होते. इंग्लंडांत १८८० सालीं त्यांच्यावर परवाना लादला गेला, तो १९६३ सालीं उठला. अमेरिकेंत १९३३ सालीं दारूबंदी संपली तेव्हां घरगुती द्राक्षमद्यास मोकळीक मिळाली, बीअर मात्र राहून गेली. ती चूक निस्तरावयास १९७८ साल यावें लागलें. अध्यक्ष कार्टर यांनीं त्या विधेयकावर सही केली. तरीहि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यानें शेवटचीं दोन राज्यें, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३ सालीं वळलीं.

हे हौशी लोक प्रथम बाटल्यांत बीअर भरीत. १९ लिटरांस सुमारें १२० ग्रॅम साखर घालावयाची, बुचें ठोकावयाचीं आणि दोन आठवडे वाट पाहावयाची. उरलेलें यीस्ट ती साखर खाऊन बाटलींतच वायु करतें. साखर चमचाभर जास्त पडली किंवा पहिलें आंबणें अपुरें राहिलें तर मध्यरात्रीं बाटल्या फुटतात, आणि कांचा भिंतींत रुततात. भाच्याच्या कपाळावर एक बारीक व्रण आहे. तो त्याचाच, हें त्यानें त्याच्या आईला अद्याप सांगितलेलें नाहीं. या व्याख्यानानंतर तिला कळेल.

याच सुमारास अमेरिकेंत एक योगायोग घडला. तेथील उपाहारगृहांना गोड शीतपेयें कॉर्नेलियस कंपनीच्या पोलादी डब्यांतून पुरविलीं जात. पांच गॅलनचे, म्हणजे १९ लिटरांचे, हात घालून धुतां येईल इतक्या मोठ्या तोंडाचे ते डबे होते. नंतर शीतपेयवाल्यांनीं पाक प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून पाठविण्यास सुरुवात केली आणि हे डबे हजारोंनीं भंगारांत निघाले. ते हौशी लोकांनीं उचलले. प्रीस्टलीनें बीअरच्या हौदावरचा वायु पाण्याला दिला, पाण्याच्या धंद्यानें त्याच्यासाठीं पंप, टाक्या आणि हे डबे घडविले, आणि ते घेऊन तो वायु बीअरकडे परत आला. भाच्यास मीं हें सांगितलें तेव्हां तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, या दोन्ही डब्यांवर अजून शीतपेयाच्या कंपनीचीं अक्षरें आहेत." होतींच.

त्याची रीत सरळ आहे. आंबणें पुरतें संपलेली बीअर डब्यांत भरतो, वरची हवा वायूनें हुसकून लावतो, डबा ३-४ अंशांवर थंड करतो आणि चौरस इंचास १२ पौंड दाब ठेवून स्वस्थ बसतो. आठ-दहा दिवसांत एक लिटर बीअरमध्यें अडीच लिटर वायु मुरतो, आणि मग तबकडीचा दाब तोच ठेवला तर जास्तहि होत नाहीं, कमीहि होत नाहीं. उतावळे लोक दाब वाढवून डबा हलवितात. भाच्यानें एकदां तसें केलें, आणि पेल्यांत बीअर न येतां नुसता फेंस आला. मापून घातलेल्या दाबाला अंदाजानें घातलेल्या साखरेची धास्ती नाहीं. फुकटचा वायु सोडून विकतचा कां घ्यावा, या माझ्या प्रश्नाचें उत्तर हें होय.

एक भीति मात्र उरते, आणि ती मीं त्याला कडक शब्दांत सांगितली. टाकींतल्या द्रवावर २० अंशांच्या उष्णमानांत वातावरणाच्या ५५-६० पट दाब असतो. नळी गळली तर जड वायु बंद खोलींत तळाशीं सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दहापर्यंत गेलें तर माणूस थोड्याच मिनिटांत बेशुद्ध पडतो. आपल्याकडे पडक्या विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहत, तो याच वायूच्या भयानें. पण दिवा विझण्याआधींच माणसाला भोंवळ येऊं शकते, म्हणून त्यावर विसंबूं नये. भाच्यानें दुसऱ्या दिवशीं प्रत्येक जोडावर साबणाचें पाणी लावून पाहिलें. एका जोडाशीं बुडबुडे आले. मोटारखान्याचें दार त्या दिवसापासून फटीएवढें उघडें असतें.

आतां दुसरी तबकडी राहिली, ३० पौंडांची. निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं तिच्याबद्दल विचारलें. इतक्या दाबाची ही कोणती बीअर? भाच्यानें उत्तर न देतां पेला पुढें केला आणि तोटी दाबली. पांढरेंशुभ्र, बुडबुड्यांनीं भरलेलें पाणी आलें.

"नुसतें पाणी आहे, मामा. तुम्ही येणार म्हणून केलें होतें. तुम्ही दोन महिने विचारलेंच नाहींत."

मीं घोट घेतला. जीभ चुरचुरली, नाकांत झिणझिण्या आल्या.

"कसें आहे?"

"जत्रेंतल्यासारखें," मीं म्हटलें, "फक्त गोटी नाहीं."